मोलाचा गडी घ्यावा काय?

अलीकडे मुलांचें क्रिकेटविषयींचें बोलणें ऐकलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. अमक्या फलंदाजानें किती धांवा काढल्या, अमक्या गोलंदाजानें किती गडी बाद केले, हा हिशेब मागें पडला आहे. अमका किती कोटींना गेला, हा हिशेब आधीं येतो. इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ सालीं सुरू झाली आणि तेव्हांपासून खेळाडूंचा लिलाव हा स्वतःच एक खेळ होऊन बसला आहे. याबद्दल केवळ नाकें मुरडून चालणार नाहीं. मुलें ज्या विषयावर आवडीनें बोलतात, त्याच विषयांतून त्यांस विचार करावयास शिकविणें हें शाळेचें काम आहे. म्हणून आम्हीं येथें एका जुन्याच वादास हात घातला आहे. तो वाद असा : आपल्या संघांत उणीव भासत असतां दुसऱ्या संघाचा नांवाजलेला गडी भारी मोल देऊन आणावा, कीं आहेत त्या गड्यांवर भिस्त ठेवून घरचाच गडी घडवावा?

वाद हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवतों. ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांत मुंबई इंडियन्स हा संघ घरोघरीं आपला मानला जातो. त्या संघानें २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यांत गुजरात टायटन्स या संघाकडून हार्दिक पंड्या यास परत आणलें. लिलावापूर्वीं संघासंघांत आपसांत जी देवघेव होते, त्या मार्गानें हा व्यवहार झाला. हार्दिकचें वेतन हंगामास १५ कोटि रुपये होतें. पुढील हंगामासाठीं प्रत्येक संघास सर्व खेळाडूंवर मिळून १०० कोटि रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. म्हणजे पंचवीस जणांपर्यंतच्या चमूंत एकट्यावर एकूण रकमेच्या सातव्या हिश्शाहून अधिक खर्च झाला. त्याच सुमारास कॅमेरॉन ग्रीन हा १७.५ कोटींचा ऑस्ट्रेलियन अष्टपैलू खेळाडू बंगळूरच्या संघास देण्यांत आला. पुढें १५ डिसेंबर २०२३ रोजीं रोहित शर्मा याच्या जागीं हार्दिक हा कर्णधार झाल्याचें जाहीर झालें. रोहितच्या नेतृत्वाखालीं या संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशा पांच सालीं अजिंक्यपद मिळविलें होतें. हा व्यवहार योग्य होता काय, हा आमचा प्रश्न.

प्रथम घेण्याच्या बाजूचें म्हणणें नीट मांडलें पाहिजे. कारण प्रतिपक्षाचें म्हणणें दुबळें करून मग त्यास पाडणें, ही वादसभेंतील लबाडी होय. या पक्षाचें म्हणणें असें कीं, सर्वच गुण घरांत निपजत नाहींत. वेगानें चेंडू टाकणारा आणि मधल्या फळींत येऊन झपाट्यानें धांवा काढणारा असा एकच गडी मिळणें दुर्मिळ. असा गडी असला म्हणजे अकरांत बारावा माणूस खेळविल्यासारखें होतें. हार्दिकनें हा गुण सिद्ध केला होता. गुजरातचा संघ २०२२ सालीं नव्यानेंच उभा राहिला आणि हार्दिकच्या नेतृत्वाखालीं पहिल्याच हंगामांत अजिंक्य ठरला. अंतिम सामन्यांत त्यानें स्वतः १७ धांवांत ३ गडी बाद केले आणि ३४ धांवा केल्या. पुढील वर्षीं तोच संघ पुन्हां अंतिम फेरीपर्यंत पोंचला. असा गडी हातीं येत असतां पैशाकडे पाहून तो सोडणें, म्हणजे ऐन पेरणीच्या दिवसांत बियाण्याचे पैसे वांचविण्यासारखें आहे.

जगाच्या क्रीडा-इतिहासांतहि या पक्षास मोठा आधार सांपडतो. अमेरिकेंत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथें बेब रुथ या नांवाचा एक खेळाडू होऊन गेला. बाल्टिमोर शहरांत कॅथलिक धर्मबंधु चालवीत असलेल्या सेंट मेरीज या औद्योगिक शाळेंत तो वाढला आणि ब्रदर मथायस नांवाच्या शिक्षकानें त्यास खेळांत तयार केलें. बोस्टनच्या संघांत तो प्रथम चेंडू टाकणारा होता. चेंडू टाकणाऱ्यास त्या खेळांत रोज उतरवीत नाहींत. परंतु रुथच्या फटक्याचा जोर असा कीं, तो रोज मिळावा म्हणून पुढें त्यास बाहेरच्या मैदानांत क्षेत्ररक्षणास उभें करूं लागले. १९१९ च्या डिसेंबरांत बोस्टनच्या मालकानें त्यास न्यूयॉर्कच्या यांकी संघास १ लाख डॉलरांना विकलें. एका खेळाडूसाठीं त्यापूर्वीं कोणीं इतकी रक्कम दिली नव्हती. पुढच्याच हंगामांत रुथनें ५४ वेळां चेंडू मैदानापार धाडला. ज्या न्यूयॉर्कनें त्यापूर्वीं एकदांहि अजिंक्यपद मिळविलें नव्हतें, त्यानें १९२३ सालीं तें मिळविलें. आणि ज्यानें रुथला विकलें त्या बोस्टनला मात्र पुढील अजिंक्यपदासाठीं २००४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. मोल देऊन आणलेला गडी वायां जातो, असें सरसकट म्हणणाऱ्यांस हें एकच उदाहरण पुरे आहे.

आतां न घेण्याच्या बाजूचें म्हणणें ऐकूं. त्यासाठीं अमेरिकेस जावयास नको. आपल्याच आगगाडीच्या वाटेवरचीं दोन नांवें पुरेशीं आहेत. अजिंक्य राहाणे डोंबिवलींत वाढला आणि क्रिकेटसाठीं येथूनच लोकल गाडीनें मुंबईस जात असे. तुषार देशपांडे हा कल्याणचा. २०२३ सालीं हे दोघेहि चेन्नईच्या संघांत होते. राहाणेस संघानें ५० लाखांना घेतलें होतें आणि तुषारला २० लाखांना. त्याच संघानें बेन स्टोक्स या इंग्रज अष्टपैलू खेळाडूसाठीं १६.२५ कोटि रुपये मोजले होते. हंगाम संपला तेव्हां हिशेब असा झाला : स्टोक्स दोनच सामने खेळूं शकला व त्याच्या धांवा झाल्या १५, राहाणेनें ३२६ धांवा केल्या, आणि त्याहि अशा वेगानें कीं, ज्यांनीं त्यास संथ फलंदाज ठरविलें होतें त्यांनीं तोंडांत बोट घालावें, तुषारनें २१ गडी बाद केले, आणि चेन्नईनें अजिंक्यपद मिळविलें. डोंबिवली आणि कल्याण मिळून ७० लाख, आणि एकटा स्टोक्स सव्वासोळा कोटि!

हा योगायोग होता असें कोणी म्हणेल, तर त्यानें २०२५ चा हंगाम पाहावा. कोलकात्याच्या संघानें व्यंकटेश अय्यर यासाठीं २३.७५ कोटि रुपये दिले. राहाणेस लिलावांत प्रथम कोणींच घेतलें नाहीं. मागाहून त्याच कोलकात्यानें त्यास १.५ कोटींना घेतलें आणि पुढें कर्णधारहि केलें. त्या हंगामांत अय्यरच्या धांवा १४२ झाल्या आणि राहाणेच्या ३९०. संघ मात्र आठवा आला. तेव्हां स्वस्त गडी घेतला म्हणजे यश हमखास, असाहि निष्कर्ष यांतून निघत नाहीं. निघतो तो एवढाच कीं, किंमत आणि काम यांचा सांधा नेहमींच जुळतो असें नाहीं.

तो कां जुळत नाहीं, हें मुलांनीं समजून घेतलें पाहिजे. गणपतीच्या आदल्या दिवशीं कल्याणच्या बाजारांत फुलांचा भाव चढतो, तो फुलांचा सुगंध वाढला म्हणून नव्हे. घेणारे पुष्कळ, फुलें थोडीं आणि दिवस एकच, म्हणून तो चढतो. लिलावांतहि तसेंच होतें. दोन संघ एकाच गड्यासाठीं अडून बसले, दोघांच्याहि थैलींत पैसा शिल्लक असला आणि तशा जातीचा दुसरा गडी यादींत उरला नसला, म्हणजे भाव कोठल्या कोठें जातो. तुषार देशपांडे यास २०२४ च्या नोव्हेंबरांत राजस्थानच्या संघानें ६.५ कोटींना घेतलें. पालघरकडचा शार्दूल ठाकूर २०२२ सालीं १०.७५ कोटींना गेला होता. २०२४ च्या नोव्हेंबरांतील लिलावांत त्यास कोणींच घेतलें नाहीं. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें रणजी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत त्यानें मुंबईसाठीं १०९ धांवा काढल्या होत्या. पुढें एका जायबंदी गोलंदाजाच्या जागीं लखनौच्या संघानें त्यास २ कोटींवर बोलाविलें, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत तेवढ्याच रकमेस मुंबई इंडियन्सनें त्यास आपल्याकडे आणलें. माणूस तोच, मनगट तेंच. भाव मात्र पावणेअकरा कोटींवरून शून्यावर आणि शून्यावरून दोन कोटींवर. भाव हा बाजाराचा गुण आहे, माणसाचा नव्हे.

दोन्ही पक्ष ऐकले, आतां निवाडा. पुष्कळ लोक मुंबईच्या व्यवहाराचा निवाडा एका वाक्यांत करतात : "२०२४ सालीं मुंबई चौदांपैकीं चारच सामने जिंकून दहावी, म्हणजे अगदीं शेवटची आली, तेव्हां व्यवहार चुकला." हार्दिकच्या त्या हंगामांतील धांवा २१६ आणि बळी ११, हेंहि ते पुढें करतात. परंतु हाच न्याय लावावयाचा तर २०२५ सालीं त्याच कर्णधाराच्या हाताखालीं मुंबई चौथी आली व अंतिम सामन्यापासून एकाच पायरीवर थांबली. मग व्यवहार बरोबर ठरला काय? नुसत्या फळावरून निर्णयाची पारख करणें सोपें असतें, पण खरें नसतें. परीक्षेंत एखाद्या मुलानें रीत चुकवून उत्तर बरोबर आणलें, तर शिक्षक त्यास पुरे गुण देत नाहींत. आणि रीत बरोबर असून शेवटीं बेरजेंत घसरला, तर सगळे गुण कापीतहि नाहींत. निर्णय घेतेवेळीं जें ठाऊक होतें, त्यावरूनच त्याची पारख करावी. त्यासाठीं आमच्या मतें तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : उणीव खरी आहे काय? नुसता दिखाऊपणा म्हणून, किंवा शेजाऱ्यानें घेतला म्हणून गडी घेऊं नये. मुंबईची उणीव खरी होती. हार्दिक गेल्यावर २०२२ सालीं संघ शेवटला आला होता, आणि २०२३ सालीं अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर त्यास हार्दिकच्याच गुजरातनें हरविलें होतें. शिवाय या स्पर्धेंत एका वेळीं चारच परदेशी खेळाडू खेळवितां येतात. परदेशी अष्टपैलूच्या जागीं भारतीय अष्टपैलू मिळाला, तर एक परदेशी जागा मोकळी होऊन तेथें चांगला गोलंदाज घेतां येतो. हा विचार शहाणपणाचा होता.

दुसरा प्रश्न : मोबदल्यांत देतों काय? पैसा हा मोबदल्याचा एक भाग झाला. ग्रीन त्या वेळीं चोवीस वर्षांचा होता आणि २०२३ च्या हंगामांत त्यानें एका शतकासह ४५२ धांवा केल्या होत्या. हार्दिक तिशीचा होता, आणि १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं पुण्याजवळील मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यांत त्याचा घोटा दुखावला होता. म्हणजे मुंबईनें तरुण व धडधाकट गडी देऊन अधिक अनुभवी पण दुखऱ्या पायाचा गडी घेतला. यांत धोका होता खरा. परंतु त्याच्या बदल्यांत परदेशी जागा मोकळी झाली आणि वेतनांतहि अडीच कोटींचा भार हलका झाला. हा सौदा तोट्याचा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

तिसरा प्रश्न : घरांतल्या माणसांचें काय? येथेंच मुंबईचें गणित फसलें, असें आमचें मत आहे. गडी आणणें ही एक गोष्ट, आणि आणल्याबरोबर दहा वर्षांच्या कर्णधाराची जागा त्यास देणें ही दुसरी. या दोन्ही गोष्टी तीन आठवड्यांच्या आंत झाल्या. तुलनेसाठीं त्याच हंगामांतील चेन्नई पाहा. महेंद्रसिंग धोनी यानें २०२४ च्या मार्चमध्यें पुण्याच्या ऋतुराज गायकवाड याच्या हातीं कर्णधारपद सोंपविलें आणि स्वतः त्याच संघांत यष्टिरक्षक म्हणून राहिला. चेन्नईलाहि त्या वर्षीं अजिंक्यपद मिळालें नाहीं. ती पांचवी आली. परंतु ऋतुराजला स्वतःच्या मैदानावर कोणीं हिणविलें नाहीं. कारण जुन्या माणसानें नव्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मुंबईच्याच इतिहासांत हा धडा लिहिलेला होता. २०१३ सालीं रिकी पाँटिंग हा ऑस्ट्रेलियाचा विश्वविजयी कर्णधार ४ लाख डॉलर देऊन आणला होता. सहा सामन्यांत त्याच्या ५२ धांवा झाल्या, तेव्हां तो आपण होऊन बाजूस झाला, रोहितला पुढें केलें गेलें आणि त्याच वर्षीं मुंबईनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. नव्यास जागा करून देण्याची ही रीत या संघास ठाऊक होती. २०२३ सालीं ती विसरली गेली.

तेव्हां आमचा निवाडा असा : हार्दिकला आणणें योग्य होतें, त्यास आणतांच रोहितची जागा देणें अयोग्य होतें. निदान एक हंगाम जुन्या कर्णधाराच्या हाताखालीं नव्यास खेळूं द्यावयास हवें होतें. यावर कोणी म्हणेल, "संघ म्हणजे कांहीं कुटुंब नव्हे, तो व्यापार आहे, तेथें मनें राखीत बसलें तर हातचा डांव जाईल." परंतु व्यापारांतहि पेढीची पत ही पैशाइतकीच मोलाची असते. संघाची पत म्हणजे गड्यांचा एकमेकांवरील विश्वास. ती जमाखर्चाच्या वहींत दिसत नाहीं, म्हणून ती फुकट मिळते असें समजणें हा व्यापाराचाहि अज्ञानीपणा आहे.

एक गोष्ट मात्र आम्हांस तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. २०२४ च्या एप्रिल महिन्यांत वानखेडे मैदानावर प्रेक्षकांनीं स्वतःच्याच कर्णधाराची जी हुर्यो उडविली, ती कोणत्याहि युक्तीनें समर्थनीय ठरत नाहीं. नेमणूक ज्यांनीं केली ते पडद्याआड राहिले, आणि शिव्या ज्यास नेमलें त्यानें खाल्ल्या. आपला विरुद्ध आपला असा हा देखावा पाहून पाहुणा संघहि ओशाळला असेल. त्या प्रेक्षकांनीं रोहितला घरचा आणि हार्दिकला उपरा ठरविलें. पण जुन्या वह्या उघडून पाहिल्या तर काय दिसतें? रोहित हाच २०११ सालीं लिलावांत २० लाख डॉलर मोजून आणलेला; त्यापूर्वीं तो हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाचा गडी. आणि हार्दिक हा २०१५ सालीं अवघ्या १० लाख रुपयांना घेऊन मुंबईनेंच घडविलेला! मोल देऊन आणलेला तो घरचा झाला आणि घरीं घडलेला तो उपरा ठरला. यावरून घर कशानें होतें तें कळावें. तें किंमतीनें होत नाहीं आणि जन्मानेंहि होत नाहीं. तें राहण्यानें आणि राबण्यानें होतें.

पुढचा वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत शेवटच्या षट्कांत दक्षिण आफ्रिकेस १६ धांवा हव्या होत्या. चेंडू हार्दिकच्या हातीं होता. त्यानें त्या दिल्या नाहींत आणि भारत ७ धांवांनीं जिंकला. ४ जुलै रोजीं विजयी संघ मुंबईस आला तेव्हां त्याच वानखेडेवर त्याच्याच नांवाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत तो बदलला नव्हता. बदलले होते ते आपण. ज्याची सकाळीं निंदा केली त्याची संध्याकाळीं आरती ओंवाळावी लागूं नये, म्हणून सकाळींच जीभ आवरावी, हें बरें.

मोल देऊन आणलेला गडी घरचा कसा होतो, याचा दाखला आपल्या जुन्या इतिहासांतहि आहे. संस्थानिकांच्या काळीं इंदूरच्या होळकर महाराजांनीं नागपूरचे सी. के. नायडू यांस आपल्या पदरीं ठेवलें. बडोद्याच्या महाराजांनीं सांगलीचे विजय हजारे यांस आश्रय दिला. १९४५ च्या मार्चमध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर रणजी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्यांत होळकरांच्या बाजूनें महू येथें लष्करांत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनहि खेळला व त्यानें नाबाद २४९ धांवा केल्या. तरीहि विजय मर्चंट यांच्या २७८ धांवांच्या जोरावर मुंबई ३७४ धांवांनीं जिंकली. त्या दिवशीं घरच्या गड्यांचा पक्ष जिंकला खरा. परंतु पुढें त्याच होळकर संघानें चार वेळां ही स्पर्धा जिंकली. १९४७ सालीं बडोद्याच्या हजारे यांनीं लाहोरहून आलेल्या गुल महंमद याच्याबरोबर याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत ५७७ धांवांची भागी केली. नायडू इंदूरचे होऊन राहिले, हजारे बडोद्याचेच होऊन गेले. पाहुणा म्हणून आलेला कॉम्प्टन धांवा करून गेला. जे राहिले त्यांनीं मात्र त्या गांवांस क्रिकेट दिलें.

आतां हा वाद आपल्या अंगणांत आणूं. शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या म्हणजे दुसऱ्या शाळेंतील एखादा चांगला गडी आपल्याकडे ओढून घ्यावा, असा मोह सर्वत्रच होतो. शाळा बदलणें हें मुळांतच वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर यानें वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमांत नांव घातलें, म्हणून त्यास रोजचा सराव आणि सामने मिळाले. दिनेश लाड सरांनीं रोहित शर्मा यास बोरिवलीच्या आपल्या शाळेंत आणलें, आणि शुल्क परवडत नव्हतें तें माफ करविलें. या दोन्ही ठिकाणीं मुलाचें हित आधीं पाहिलें आणि ढाल मागाहून आली. जेथें ढाल आधीं आणि मुलगा मागाहून, तेथें व्यवहार बिघडला असें समजावें. कसोटी सोपी आहे : स्पर्धा संपल्यावर आणि गुडघा दुखावल्यावरहि ती शाळा त्या मुलास तितक्याच आपुलकीनें ठेवून घेणार आहे काय?

आणि ज्याची जागा त्या नव्या मुलानें घेतली, त्याचेंहि स्मरण असावें. तीन वर्षें पहांटे उठून सरावास येणारा, सतरंज्या अंथरणारा, यष्ट्या रोंवणारा एक मुलगा प्रत्येक संघांत असतो. नवा गडी त्याच्याहून सरस असेल तर नव्यासच खेळवावें. दयेपोटीं जागा देणें हा खेळाचा अपमान आहे. परंतु तो निर्णय त्या मुलास समोर बसवून, कारण सांगून, शिक्षकांनीं स्वतः कळवावा. फळ्यावरच्या यादींत आपलें नांव नाहीं असें त्यानें चारचौघांत वाचावें, हें बरें नव्हे. मोठ्या संघांनीं जें विसरलें तें लहान शाळांस सहज साधण्यासारखें आहे; कारण त्यास पैसा लागत नाहीं.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या मुलाची बोली एक दिवस कोटींत लागेल, या आशेनें पदरमोड करून त्यास महागड्या शिकवण्यांस घालणारे पालक आतां आपल्या भागांतहि आहेत. आशा असूं द्यावी; पण लिलावांत ज्यांची नांवें येतात त्यांतीलहि अनेकांस कोणी घेत नाहीं, आणि त्या यादीपर्यंत न पोंचणाऱ्यांची तर गणतीच नाहीं, हेंहि ध्यानीं असावें. राहाणेस जेव्हां कोणीं घेतलें नाहीं आणि शार्दूलला जेव्हां कोणीं घेतलें नाहीं, तेव्हां त्यांच्या हातीं त्यांची विद्या शिल्लक होती. म्हणून ते पुन्हां उभे राहिले. मुलाच्या हातीं काय शिल्लक राहील, तें पाहून खर्च करावा.

सारांश, मोलाचा गडी घ्यावा. परंतु उणीव ओळखून घ्यावा, काय देतों तें मोजून घ्यावा, आणि घरच्यांचा मान राखून घ्यावा. घेतल्यावर मात्र तो आपला झाला. मग त्याच्या पडत्या काळांत त्यास मोलाची आठवण करून देऊं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस कोणी विकत घेवो वा न घेवो, खेळाची पहिली शिस्त तुम्हांस फुकटच मिळालेली आहे : आपल्या संघांत जो कोणी उतरेल, मग तो कालचा असो वा आजचा, त्यास पहिली टाळी आपली असावी.